खिडक्या बदलण्याचा खरा खर्च: मापापासून पहिल्या पावसापर्यंत

फॅब्रिकेटर सांगतो, "साडेपाचशे रुपये फूट." आपण घरातल्या खिडक्यांचे चौरस फूट काढतो, गुणाकार करतो आणि तो आकडा मनात पक्का धरतो. काम संपतं तेव्हा जवळजवळ दुप्पट पैसे गेलेले असतात. दर वेळी यात फसवणूक असतेच असं नाही. फुटाचा दर फक्त खिडकीचा असतो. जुनी खिडकी काढणं, सिलचा (खिडकीखालचा) दगड, ग्रील, गिलावा, राबिट (तोडफोडीचा मलबा) आणि जीएसटी त्या दराबाहेर राहतात. शिवाय दोन फॅब्रिकेटरांचा 'फूट' सारखा नसतो, कारण त्या फुटात किती अॅल्युमिनियम आहे आणि कोणती काच आहे हे दरात दिसत नाही. मुंबई-पुण्याकडच्या नेहमीच्या फ्लॅटमधल्या सरकत्या खिडक्या डोळ्यांसमोर ठेवून हा सगळा हिशेब मांडला आहे.

आधी ठरवा: बदलायची की दुरुस्त करायची

शटर जड सरकतं, खडखडतं किंवा कडेनं वारा येतो, एवढीच तक्रार असेल तर खिडकी बदलू नका. सरकत्या शटरखाली दोन बेअरिंग असतात. ती झिजली की शटर ट्रॅकवर घासतं. शटरच्या कडेची लोकरी पट्टी चपटी झाली की वारा आणि धूळ आत येते, आणि काचेभोवतीचं रबर आकसलं की कोपऱ्यातून पाणी झिरपतं. बेअरिंग, पट्टी, रबर आणि बाहेरून नवीन सिलिकॉन ही चार कामं अर्ध्या दिवसात होतात आणि नव्या खिडकीच्या तुलनेत फार थोडा खर्च येतो.

चौकटच गेली असेल तर मात्र बदलण्याला पर्याय नाही. जुन्या इमारतींतल्या झेड सेक्शनच्या लोखंडी खिडक्या खालच्या आडव्या पट्टीत गंजतात; गंज फुगून काचेवर दाब आणतो आणि काच तडकते. सागवानी चौकटीचा खालचा भाग स्क्रूड्रायव्हरनं टोचून पाहा. टोक सहज आत गेलं तर लाकूड पोकळ आहे. अॅल्युमिनियमच्या खिडकीत ट्रॅकचा कणा झिजून बसला असेल तर नवी बेअरिंगंही वर्षभरात खराब होतात.

परवानगी

त्याच मापाची, त्याच जागी नवी खिडकी बसवायची असेल तर सोसायटीला लेखी कळवून परवानगी घ्या. फ्रेमचा आणि काचेचा रंग इमारतीशी जुळावा, अशी अट बहुतेक सोसायट्या घालतात. खिडकी रुंद करण्यासाठी भिंत फोडणं, लिंटेलला (खिडकीवरच्या आडव्या तुळईला) हात लावणं किंवा भिंतीबाहेर पेटीसारखं बॉक्स ग्रील काढणं हा निराळा विषय आहे. त्यात इमारतीची सुरक्षितता येते, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि महापालिकेची मंजुरी लागते. कुठलंही ग्रील करताना एका खिडकीला आतून उघडणारा झडपेसारखा भाग ठेवाच. आग लागली तर बाहेर पडायची तीच वाट असते.

मापं: इथली चूक सगळ्यात महाग पडते

रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये, खाली. उंचीही तीन ठिकाणी: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. प्रत्येकातलं सर्वात लहान माप धरा. मग दोन्ही कर्ण मोजा. त्यांच्यात ५ ते ६ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर खिडकीचा गाळा, म्हणजे भिंतीतली मोकळी जागा, गुण्यात (काटकोनात) नाही. अशा गाळ्यात चौकोनी फ्रेम बसेल, पण एका कोपऱ्यात मोठी फट राहील आणि ती सिलिकॉननं बुजवली जाईल. फरक १० मिमीच्या पुढे असेल तर आधी गिलावा करून किंवा दगडाची पट्टी बदलून गाळा सरळ करून घ्या.

फ्रेमचं माप गाळ्यापेक्षा थोडं कमी ठेवावं लागतं. अॅल्युमिनियमला प्रत्येक बाजूला ३ ते ५ मिमी पुरतात. यूपीव्हीसीला (कडक प्लास्टिकच्या फ्रेमला) जास्त लागतात, कारण ते उन्हात अधिक वाढतं. दीड मीटरच्या फ्रेमचं तापमान ३० अंशांनी वाढलं तर अॅल्युमिनियम जेमतेम १ मिमी वाढतं, यूपीव्हीसी ३ मिमीच्या आसपास. जागा न ठेवता घट्ट ठोकलेली यूपीव्हीसी फ्रेम वैशाखात वाकते आणि कुलूप लागेनासं होतं.

मापं घेताना पडद्याचा रॉड, विंडो एसीची जागा, न्हाणीघरातल्या एक्झॉस्ट फॅनचं भोक आणि जाळी आत हवी की बाहेर, हे सगळं त्याच कागदावर लिहा. टफन्ड (तापवून कणखर केलेली) काच तयार झाल्यावर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. फॅनचं भोक विसरलं की ती काच वाया गेली.

नेमकं काय घ्यायचं

*सेक्शन.* दोन ट्रॅकच्या खिडकीत दोन काचेची शटरं असतात. तीन ट्रॅकमध्ये तिसरं जाळीचं. डासांच्या दिवसांत तीन ट्रॅकशिवाय घरात हवा घेता येत नाही, म्हणून हॉल आणि बेडरूमला तीनच घ्या. सरकत्या खिडकीचा निम्माच भाग उघडतो, हे मात्र ध्यानात ठेवा. खोलीत मुळातच हवा कमी असेल तर कब्जावर उघडणाऱ्या शटरचा विचार करा.

सेक्शन म्हणजे फ्रेम आणि शटर ज्यापासून बनतात ती अॅल्युमिनियमची पट्टी. दराच्या फरकाचं मोठं कारण सेक्शनची जाडी, म्हणजे गेज. ज्या सेक्शनच्या पत्र्याची उलगडलेली रुंदी २०० मिमी आहे, त्याचं वजन १ मिमी जाडीला मीटरमागे साधारण ५४० ग्रॅम भरतं आणि १.३ मिमी जाडीला ७०० ग्रॅम. दिसायला दोन्ही अगदी सारखे, धातू मात्र ३० टक्के जास्त. त्यामुळे कोटेशनवर फक्त 'तीन ट्रॅक, पावडर कोटिंग' असं लिहून घेऊ नका. सेक्शनची जाडी मिमीमध्ये आणि मीटरमागे वजन लिहून घ्या, आणि माल आल्यावर कापलेल्या तुकड्याला व्हर्नियर लावून तपासा. पातळ सेक्शनचं मधलं इंटरलॉक (दोन शटरं एकमेकांत अडकतात ती उभी कड) जोराच्या वाऱ्यात वाकतं. शटर हलायला लागतं आणि मधल्या फटीतून पाणी शिरतं.

*वारा आणि पाणी.* वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भारतीय मानकात मुंबई आणि नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, पुणे आणि नाशिकसाठी ३९. या फरकानं दाब २७ टक्के वाढतो. मजला चढत जाल तसा तो आणखी वाढतो. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर चाललेली खिडकी मुंबईत समुद्राकडे तोंड असलेल्या पंधराव्या मजल्यावर चालेलच असं नाही.

पाणी आत कसं येतं हे कळलं तर निम्म्या चुका टळतात. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब सुमारे २४० पास्कल असतो, आणि एवढा दाब पाण्याला जवळपास २४ मिमी वर ढकलून धरतो. खालच्या ट्रॅकची आतली कड १५ मिमीच असेल तर सिलिकॉन कितीही चांगलं भरलेलं असो, वादळात पाणी कडेवरून घरात येणार. म्हणून पावसाच्या तोंडाच्या खिडक्यांसाठी आतली कड उंच असलेला ट्रॅक मागा. आपल्याकडे पश्चिम आणि नैऋत्य बाजूला याची गरज जास्त असते. घरातल्या सगळ्या खिडक्यांना सारखा सेक्शन लावण्यापेक्षा दोन पावसाळी खिडक्यांवर जास्त खर्च करणं आणि आतल्या डक्टकडच्या खिडकीवर वाचवणं शहाणपणाचं.

*काच.* काचेचं वजन दर चौरस मीटरला दर मिमी जाडीमागे अडीच किलो. ५ मिमीची काच चौरस फुटाला सव्वा किलोच्या थोडी खाली भरते. लहान शटरला ४ मिमी चालते, नेहमीच्या खिडकीला ५ मिमी, वरच्या मजल्यांना आणि रुंद शटरला ५ किंवा ६ मिमी टफन्ड. जिथे काच जमिनीपर्यंत खाली येते, मुलं खेळतात किंवा काच फुटून खाली रस्त्यावर पडू शकते, तिथे टफन्डच घ्या. तिचे फुटल्यावर बोथट दाणे होतात. तिच्या कोपऱ्यात न पुसणारा शिक्का असतो. शिक्का नसेल तर काच बसवू देऊ नका. रस्त्याच्या आवाजावर उपाय हवा असेल तर दोन काचांमध्ये चिकट थर असलेली लॅमिनेटेड काच उपयोगी पडते, पण तिच्यासोबत शटर घट्ट बंद होणारं हवं. सरकत्या खिडकीच्या लोकरी पट्टीतून हवा जाते, आणि हवा जाते तिथून आवाजही जातो.

*यूपीव्हीसी.* किंमत साध्या अॅल्युमिनियमच्या दीडपट ते दुप्पट धरा. खाऱ्या हवेचा त्याला त्रास नाही, म्हणून कोकण किनाऱ्यावर आणि समुद्राजवळच्या मुंबईत ते विचारात घेण्यासारखं आहे. फ्रेमच्या पोटात गॅल्वनाइज्ड लोखंडाची पट्टी सगळ्या बाजूंनी आहे का ते विचारा. खर्च वाचवायला ती फक्त शटरमध्ये घालतात.

हिशेब: एका टू बीएचकेचा

हॉल ६ × ४.५ फूट, म्हणजे २७ चौरस फूट. दोन बेडरूम ५ × ४ च्या, मिळून ४०. स्वयंपाकघर ४ × ३, म्हणजे १२. एकूण ७९ चौरस फूट. न्हाणीघर आणि संडासाचे दोन व्हेंटिलेटर वेगळे. खालचे दर हिशेब कसा करायचा हे दिसावं म्हणून धरले आहेत; त्यांच्या जागी तुमच्या कोटेशनमधले आकडे घाला.

तीन ट्रॅक, ५ मिमी साधी काच, ५५० रुपये दरानं: ४३,४५०
साध्याऐवजी टफन्ड काच, फुटाला ६० जादा: ४,७४०
दोन व्हेंटिलेटर, नगाला १,५००: ३,०००
या ५१,१९० वर १८ टक्के जीएसटी: ९,२१४
जुन्या चार खिडक्या आणि दोन व्हेंटिलेटर काढणं: ३,८००
सिलचा ग्रॅनाइट, २० रनिंग फूट, २५० दरानं: ५,०००
चार ग्रीलं काढून पुन्हा बसवणं: ४,०००
गिलावा, पुट्टी, रंगाचा हात: ४,८००
राबिट गोणीत भरून उतरवणं आणि गाडी: २,५००

बेरीज ८०,५०४. भिंत उघडल्यावर निघणाऱ्या कामासाठी १० टक्के बाजूला ठेवले की ८८,५००. आपण मनात धरले होते ४३,४५०.

या यादीतल्या काही जागा नीट पाहा. व्हेंटिलेटर फुटावर नाही, नगावर लावतात, कारण लहान खिडकीलाही मेहनत तेवढीच लागते. काच विकणारे माप पुढच्या ३ किंवा ६ इंचांपर्यंत वाढवून धरतात. ४९ इंचांच्या काचेला ५४ इंचांचे पैसे लागू शकतात, म्हणून बिल प्रत्यक्ष मापावर की वाढवलेल्या, हे आधी विचारा. वरच्या मजल्यावर बाहेरून झुला किंवा पालख लागणार असेल तर ते मोठं वेगळं कलम आहे. आणि जुन्या मालाचे पैसे आपले असतात. ५ × ४ फुटांच्या ग्रीलमध्ये १० मिमी चौरस सळ्या ४ इंचांवर असतील तर साधारण १७ किलो लोखंड भरतं. अॅल्युमिनियमला भंगारात लोखंडाहून कितीतरी चांगला भाव मिळतो. 'जुनं आम्ही घेऊन जातो' हे वाक्य ऐकलं की त्याचे किती कापणार ते कोटेशनवर लिहायला सांगा.

बसवण्याचा दिवस

दोन माणसांची जोडी दिवसाला दोन-तीन खिडक्या करते. एका दिवसात सगळ्या खिडक्या काढून ठेवू देऊ नका. जेवढ्या संध्याकाळपर्यंत बसतील तेवढ्याच उघडा. नवी फ्रेम आतून बसत असेल तर बाहेरचं ग्रील जागेवरच राहू द्या. उंचावर काम करणाऱ्यांना आणि खाली चालणाऱ्यांना त्याचाच आधार असतो.

जुनी फ्रेम पहारीनं उचकटू नये. ग्राइंडरनं मध्ये कापून आत वळवत काढली की गाळ्याच्या कडा फुटत नाहीत. मग सिल पाहा. ग्रॅनाइट किंवा कडाप्प्याला बाहेरच्या बाजूला किमान ५ मिमी उतार हवा. दगड भिंतीच्या बाहेर २५ ते ४० मिमी यायला हवा आणि त्याच्या खालच्या अंगाला एक खाच हवी. खाच नसेल तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून मागे येतं, भिंतीत मुरतं, आणि खोलीत खिडकीखाली ओल दिसते. लोक मग खिडकीला दोष देतात. नवी खिडकी आणि जुना उलट्या उताराचा दगड ही जोडी गळणारच, त्यामुळे सिलच्या पाच हजारांत काटकसर करू नका.

फ्रेम गाळ्यात ठेवून खाली पाणसळ आणि उभ्या बाजूंना ओळंबा लावा. कमी-जास्त असेल तिथे प्लास्टिकच्या पाचरी द्या. लाकडाच्या चिपा देऊ नका. त्या ओल्या होऊन फुगतात. स्क्रू कोपऱ्यापासून साधारण १५० मिमीवर आणि पुढे जास्तीत जास्त ६०० मिमी अंतरावर. ७५ मिमीचा स्क्रू आणि त्याची गिट्टी (भोकात बसणारा प्लग) भिंतीत किमान ४० मिमी जायला हवी. नुसत्या गिलाव्यात अडकलेला स्क्रू काही कामाचा नाही. दगडाच्या कडेपासून २५ मिमीच्या आत ड्रिल केलं तर दगडाची कपची उडते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. साधा लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमला लागून आधी स्वतः गंजतो, मग आजूबाजूचा रंग उडवतो.

खालच्या ट्रॅकला शक्यतो भोक पाडू नका. पाणी तिथेच साचतं. पाडावंच लागलं तर भोकात सिलिकॉन भरून मग स्क्रू फिरवायचा आणि डोक्यावर पुन्हा सिलिकॉन द्यायचं. ट्रॅकमधलं पाणी बाहेर जाण्याची भोकं बाहेरच्या अंगाला, दोन्ही कोपऱ्यांजवळ आहेत ना ते पाहा. तीन ट्रॅकमध्ये आतल्या खोबणीतून बाहेरच्या खोबणीतही वाट लागते. ही भोकं सिलिकॉन भरताना नकळत बुजतात, आणि खिडकी पहिल्या पावसात आत गळते. हा दोष सगळ्यात जास्त वेळा दिसतो.

सिलिकॉन न्यूट्रल, हवामान सोसणारं हवं. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते आम्लाचं. सिमेंट आणि संगमरवराला ते नीट धरत नाही. लागणारी मात्राही मोजता येते. ६ × ६ मिमीची रेघ ओढली तर ३०० मिलीची एक नळी साधारण २७ फूट जाते. वरच्या घरातल्या चार खिडक्यांचा परीघ ७१ फूट, आतून-बाहेरून १४२ फूट. म्हणजे सहा नळ्या. फॅब्रिकेटर सगळ्या घरासाठी दोन नळ्या घेऊन आला असेल तर बाहेरची बाजू कोरडी राहणार आहे, हे तिथेच ओळखा. धूळ पुसून, कोरड्या पृष्ठभागावरच सिलिकॉन मारायचं. ६ मिमीपेक्षा मोठी फट आधी मोर्टार किंवा फोमनं भरून घ्यावी.

शटर बसल्यावर ते दोन्ही हातांनी वर उचलून पाहा. ट्रॅकमधून सुटत असेल तर वरच्या खोबणीत अडथळ्याचा तुकडा बसवायला सांगा. वरच्या मजल्यावरून शटर निसटून खाली पडण्याचं कारण हाच न बसवलेला तुकडा असतो.

पाण्याची परीक्षा

सिलिकॉन सुकायला एक दिवस द्या. मग पाइपानं पाणी मारा, पण खालून वर. आधी सिल आणि खालचा ट्रॅक, दहा मिनिटं. मग उभ्या बाजू, मग मधलं इंटरलॉक, शेवटी वरची कड. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि नेमकं कुठून आलं ते कळत नाही. आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा ठेवा. ट्रॅकमध्ये पाणी साचून भोकांवाटे बाहेर जाणं हे खिडकीचं ठरलेलं काम आहे, त्यानं घाबरू नका. फ्रेम आणि भिंतीच्या मधून पाणी आलं तर दोष सिलिकॉनचा किंवा सिलचा. फ्रेमच्या कोपऱ्याच्या सांध्यातून आलं तर बनवतानाचा.

कधी करायचं आणि पैसे कसे द्यायचे

मापं मार्चमध्ये द्या. टफन्ड काचेला आणि पावडर कोटिंगला वेळ लागतो, आणि मे महिन्यात सगळ्यांनाच मृगाच्या आधी खिडक्या बसवून हव्या असतात. ओला गिलावा सुकल्याशिवाय रंग धरत नाही, त्यामुळे मेच्या मध्यापर्यंत बसवणं संपलेलं बरं.

ऑर्डर देताना ५० टक्के, माल घरी आल्यावर जाडी आणि काचेचे शिक्के तपासून ४० टक्के, आणि उरलेले १० टक्के पहिल्या जोरदार पावसानंतर, असं कागदावर ठरवून घ्या. त्याच कागदावर सेक्शनची जाडी, काचेचा प्रकार, जाळी स्टेनलेसची की फायबरची, बेअरिंग आणि कुलपाची वॉरंटी, जुन्या मालाची वजावट आणि राबिट कोण उचलणार हे लिहा. पक्कं बिल घ्या. पुढे दोन वर्षांनी एखादं शटर जाम झालं, तर त्याच सेक्शनचं बेअरिंग शोधताना त्या बिलावरचं सेक्शनचं नाव आणि माप लागणार आहे.